महानंदाक्कांची शहरं

कुठल्याही नव्या कचेरीत, कुणाच्या लग्नाच्या हॉलवर, अगदी देवळात गेले तरी माझं लक्ष आधी पायऱ्यांकडं जातं. किती आहेत, कठडा आहे का, कडेनं उतार सोडलाय का. माझे स्वतःचे पाय धडधाकट आहेत. ही खोड मला मुरूमच्या महानंदाक्कांनी लावली.

मी मूळची भूम तालुक्यातली, ईटची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि बदलीनं मुरूमला आले, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला. मुरूमच्या बाजारात माणसं एकाच वाक्यात मराठीतून कानडीत जाऊन परत येतात, त्यामुळं पहिले काही दिवस मी नुसतीच मान डोलवत होते. भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा शेजारच्या दारात एक बाई चाकाच्या खुर्चीत बसून शेपू निवडत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, दंड मात्र पैलवानासारखे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठल्या तुमी?"

"ईटची."

"भूमजवळचं ईट? शून्य दोन चार सात आठ."

मला काही कळेना. त्या हसल्या. "कोड हो, बाई. एसटीडीचा. ईटला फोन लावून लई वर्सं झाली."

महानंदाक्कांनी मुरूमच्या बाजारपेठेत वीसेक वर्षं टेलिफोनचा बूथ चालवला होता. अपंगांना त्या काळी बूथ मिळायचे. एवढी एवढी खोली, तिच्यात काचेची केबिन, बाहेर लाकडी बाकडं. सगळ्या गावांचे कोड त्यांना तोंडपाठ होते, आणि गावाचं नाव निघालं की आधी आकडे यायचे. "पुणं आधी शून्य दोन एक दोन व्हतं," त्या म्हणायच्या, "मंग शून्य दोन शून्य झालं. मला आठ दिवस चैन पडंना. जणू कुणी वळखीच्या माणसाचं नावच बदललं."

नंबर अक्का फिरवायच्या. पलीकडं घंटी वाजायची, कुणीतरी हॅलो म्हणायचं, आणि मग अक्का रिसिव्हर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. म्हणजे प्रत्येक फोनातला पहिला हॅलो तेवढा त्यांच्या वाट्याला. पण त्या हॅलोच्या मागं शहर असायचं. सुरतेहून मागांचा खडखडाट यायचा. बेंगळुरूहून पाऊस ऐकू यायचा, इकडं मुरूमला ऊन रणरणत असताना. भिवंडीहून कुणीतरी कायम कुणाला तरी शिव्या देत असायचं. हैदराबादेहून हॉर्न, अजान आणि भांडी घासल्याचे आवाज एकात एक मिसळून यायचे. दोन-तीन क्षणांचं हे ऐकणं वीस वर्षं साठत गेलं. अक्का खुर्चीत बसून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बाई, म्या सुरत बघितली न्हाय, पर मला सुरत ठावं हाय."

त्यांचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन निघायचे ते मिरगाच्या तोंडाला परतायचे. अक्का दोन वर्षांच्या असताना तापात दोन्ही पाय गेले. तरी आई त्यांना सामानाच्या घोड्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून न्यायची. रोज नवं शिवार, नवी विहीर, नवी झाडं. सात वर्षांच्या झाल्यावर घोड्याला ओझं जड होऊ लागलं, तेव्हा त्यांना मुरूमला आत्याकडं ठेवलं. "घोड्यावरनं उतरवलं त्या दिवशी म्या लई रडले," अक्का सांगायच्या. "पाय गेले तवा बी एवढी रडले नसन."

मग घरोघरी मोबाइल आले. बाकडं रिकामं पडलं आणि एक दिवस बूथही बंद झाला. लोकांना वाटलं, बाई आता खचणार. अक्का दोन दिवस अंथरुणात पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी न्हाऊन, वेणी घालून बाहेर आल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "ज्या गावांना म्या फोन लावले ती आता बघून येते."

मी शेजारी राहायला आले तोवर त्यांच्या दोन-तीन वाऱ्या झाल्याही होत्या. सुट्ट्यांत मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी आजवर प्रवास केलाच नव्हता, नुसती एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले होते. अक्कांच्या पिशवीत शिंप्याची टेप आणि हातभर लांबीची एक फळी असायची. फळी उंबऱ्यासाठी, टेप दारांसाठी. लॉजवर फोन करताना त्यांचा आवाज बूथवरचा व्हायचा, स्पष्ट आणि सावकाश. "मोरीचा दरवाजा किती रुंद हाय? अंदाजे नगं, मोजून सांगा. म्या लाईनीवर थांबते." पलीकडचा माणूस म्हणायचा, सगळं सोयीचं आहे, दोनच पायऱ्या आहेत. अक्का फोन ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "दोनच म्हणणारा पायऱ्या मोजत नसतोय बाई, नुसता चढतोय."

निघायच्या आदल्या दुपारपासून त्या पाणी कमी करायच्या. वाटेत बाईमाणसाला जाता येईल, आणि खुर्चीसह जाता येईल, अशी जागा मिळेलच याचा भरवसा नसायचा. ओठ सुकलेले असायचे आणि चेहरा लग्नाला निघाल्यासारखा.

एसटीत चढताना त्यांचा एकच नियम होता. "मला उचलायचं न्हाय. खुर्ची धरा." बसच्या सगळ्यात खालच्या पायरीवर त्या पाठमोऱ्या बसायच्या, दोन्ही हात मागं टेकवून स्वतःला वरच्या पायरीवर घ्यायच्या, मग त्याच्या वरच्या. कंडक्टर घाई करायचे, माणसं हात पुढं करायची. अक्का कुणाकडं बघायच्या नाहीत. सीटवर बसल्या की मात्र सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चला आता. कुणाला उशीर व्हतोय?"

तुळजापूरला आम्ही एकदा मंगळवार टाळून गेलो. तरी सोलापूरकडून गाड्या भरभरून येतच होत्या. देवीकडं जायला पायऱ्या खाली उतरत जातात. पुजाऱ्यांच्या ओळखीचा एकजण म्हणाला, चार माणसं लावून खुर्चीसकट नेतो. अक्कांनी नाही म्हटलं. महाद्वाराच्या बाजूला खुर्ची लावून त्यांनी हात जोडले. "आईला ठावं हाय म्या आलेली. तिला वर यायला पायऱ्या न्हाईत." आणि तिथंच गर्दी बघत बसल्या. थोड्या वेळानं एक बाई आली, अक्कांच्या मांडीवर दोन केळी आणि नारळाचं भकल ठेवून, कपाळाला हात लावून पुढं निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी तिला हाक मारली.

"ओ बाई, थांबा की. कुठनं आलाव?"

बाई गोंधळली. "बार्शीवरनं."

"शून्य दोन एक आठ चार. बसा हितं. एकटीनं केळं खाऊ न्हाई, पचत न्हाय. एक तुमी खावा, एक म्या."

मग ती खरोखर कट्ट्यावर टेकली. दोघींनी केळी खाल्ली. बाईच्या लेकीला दिवस गेले होते, त्याची पूजा होती. अक्कांनी लेकीचं नाव विचारलं, आपल्या पिशवीतला भाजलेला हरभरा काढून तिच्या ओंजळीत घातला. उठताना ती बाई अक्कांच्या पाया पडायला वाकली आणि मध्येच थबकली. अक्का म्हणाल्या, "पडा की, म्या थोरली हाय तुमच्यापेक्षा." दोघी मोठ्यानं हसल्या.

शहराचे रस्ते त्या हातांनी ओळखायच्या. चाक ढकलून ढकलून तळहात चामड्यासारखे झाले होते, तरी त्यांना सगळं कळायचं. सोलापूरचा रस्ता त्यांच्या लेखी जाड दळलेल्या पिठासारखा होता. पुण्याचा फूटपाथ सुरू होताना झकास आणि संपताना कुणाच्या तरी स्कूटरवर आपटणारा. एकदा पुण्यात फूटपाथवर अशीच आडवी स्कूटर लावलेली होती. मी म्हटलं, खाली रस्त्यावरून जाऊ. अक्कांनी खुर्ची स्कूटरला खेटून उभी केली आणि ब्रेक लावला. पाऊण तास आम्ही तिथंच. झाडांच्या सावल्या लांबत गेल्या, शाळा सुटली, समोरच्या बंगल्यात कुणीतरी पेटीवर तेच तेच सूर शिकत होतं. मला राग यायला हवा होता, पण तो पाऊण तास आजही मला पुण्यात घालवलेल्या सगळ्या दिवसांपेक्षा लख्ख आठवतो. शेवटी स्कूटरवाला आला. "काय झालं, मावशी?"

"काय न्हाय बाबा. तुझी गाडी माझ्या वाटंत व्हती, म्हणून म्या तुझ्या वाटंत बसले."

तो कानापर्यंत लाल झाला. अक्का मात्र बराच वेळ मागं वळून त्या बंगल्याकडं बघत होत्या. "शिकलं का न्हाय ते पोर, कुणास ठावं," म्हणाल्या.

एवढी शहरं झाली तरी हैदराबाद मात्र त्या टाळत होत्या. आमच्याकडच्या माणसाला हैदराबाद जवळचं. उमरग्याहून बसमध्ये बसलं की दुपारपर्यंत तिथं. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी दुसरंच काहीतरी बोलायला सुरुवात केली. मग एका दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच म्हणाल्या, "शून्य चार शून्य. जाऊन यायला पायजे."

बस जहीराबाद ओलांडून गेली तेव्हा खिडकीबाहेर बघत त्या बोलायला लागल्या.

मुरूमजवळच्या एका वस्तीवरचा विष्णू नावाचा माणूस हैदराबादेत बेकरीत कामाला होता. दर रविवारी अकराला बूथवर त्याचा फोन यायचा. त्याची आई, चंद्रभागाबाई, दहालाच येऊन बाकड्यावर बसायची. एका बुधवारी अवेळी त्याचा फोन आला. लग्न केलं होतं, मुलगी तिकडचीच, जातीतली नव्हती. "आईला इचारा अक्का, हिला घेऊन येऊ का. रविवारी फोन करतो." नेमका विष्णूचा थोरला भाऊ बाजारात आलेला. अक्कांनी निरोप त्याच्याजवळ दिला. रविवारी आई आलीच नाही, भाऊ आला. रिसिव्हर हातात घेऊन म्हणाला, आई म्हणते, येऊ नको आणि परत फोन बी करू नको.

"मला तवाच कळलं," अक्का म्हणाल्या. "त्यानं आईला सांगितलंच नव्हतं. म्हातारी फुडच्या रविवारी आली न्हवं का, दहाला. बसली बाकड्यावर. मला म्हणती, अक्का, फोन न्हाय आला का? म्या म्हणले, लाईन लागंना. बूथवाल्यानं कानावर पडलेलं बोलायचं नसतंय, असा माझा धर्म. म्हातारी सहा म्हैने येत व्हती. सहा म्हैने म्या लाईन लागंना म्हणत व्हते. मंग ती गेलीच."

बसच्या खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर हलत होतं.

विष्णूनं अडीअडचणीला दिलेला बेकरीचा जुना नंबर त्यांना पाठ होता, पण तो कधीच बंद पडला होता. बेकरीचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हाताशी होते ते फक्त त्या पहिल्या हॅलोमागचे आवाज. रेल्वेची घोषणा, आणि पत्र्याचे ट्रे एकावर एक आपटल्याचा आवाज. म्हणून सिकंदराबाद स्टेशनजवळ आम्ही लॉज घेतला, आणि दोन दिवस त्या भागातल्या गल्ल्या फिरलो. फरशा उखडलेल्या, मध्येच गटाराची झाकणं, चाक अडकायचं. अक्का एकेका कोपऱ्यावर थांबायच्या आणि डोळे मिटायच्या. भोवतीनं रिक्षा, फुलांच्या गाड्या, शाळकरी मुली, आणि मध्ये ह्या एकट्या स्वस्थ. मग मान हलवायच्या. "न्हाय. घोषणा लई लांबनं येतीया." पुढच्या कोपऱ्यावर, "ही लई जवळ."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. बराच वेळ. गाडीची घोषणा वाजली, तेलुगूत, मग हिंदीत. "हितंच," त्या म्हणाल्या. तिथं बेकरी नव्हती, मोबाइलचं दुकान होतं. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बसले होते. अक्कांनी त्यांना विचारलं.

"विष्णू? वो बिस्कुट वाला?" चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं. "बेकरी तो कब की बंद हो गई, अम्मा. उनो खुद की डाल लिए. सीधे जाव, नीम का झाड आता, उसके सामने."

लिंबाच्या झाडासमोर लहानशी बेकरी होती आणि तिला तीन उंच पायऱ्या होत्या. फळीचा उपयोग नव्हता. आत पाठमोरा एक माणूस, केस पिकलेले, ट्रे लावत होता. मी वर जाऊन बोलवते म्हटलं. अक्कांनी माझा हात धरला. कितीतरी वेळ त्या नुसत्या बघत होत्या. मग खाली रस्त्यावरूनच, त्या बूथवरच्या आवाजात म्हणाल्या,

"हॅलो, मुरूमवरनं बोलते."

त्या माणसाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. तो वळला नाही लगेच. वळला तेव्हा तोंडाकडं न बघता खुर्चीकडं बघत राहिला. त्यानं अक्कांना फारसं पाहिलंच नव्हतं, आवाज मात्र वर्षानुवर्षं ऐकलेला.

"अक्का?"

अक्कांनी इकडचं तिकडचं काही बोलण्यात वेळ घालवला नाही. "विष्णू, तुझ्या आईनं न्हाय म्हणलं नव्हतं. तिला कुणी इचारलंच न्हाय. मला ठावं व्हतं, आन म्या गप बसले."

तो दुकानाच्या दारात उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "सोळा वर्सं झाली, अक्का," तो म्हणाला. "सोळा वर्सं म्या माझ्या आईवर राग धरून बसलो. मयतीला बी आलो न्हाय. आन तुमी आता सांगायलाव?"

"व्हय. आता."

"जावा तुमी," तो म्हणाला आणि आत गेला.

मी खुर्ची वळवायला मागं हात घातला. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." आम्ही लिंबाखाली थांबलो. गिऱ्हाइकं येत होती, पाव नेत होती. विष्णूची बायको एकदा बाहेर डोकावून गेली, मग पाणी घेऊन खाली आली. अक्का दोन दिवसांत पहिल्यांदा पेला भरून पाणी प्यायल्या. बायको आत जाऊन काहीतरी तेलुगूत बोलली. आणखी बराच वेळ गेला. मग विष्णू आला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसला. आता त्याचं तोंड अक्कांच्या तोंडाच्या समोर होतं.

"ती कुठं बसायची?" त्यानं विचारलं.

"बाकड्यावर. भिंतीकडच्या टोकाला."

"आन?"

"दहालाच यायची. पदराच्या गाठीत उकडलेल्या शेंगा असायच्या. मला मूठभर द्यायची, बाकीच्या तशाच धरून बसायची. फोन झाल्यावर खायची. तुझ्याशी बोलताना रिसिव्हर दोन्ही हातांनी धरायची. केबिनचं दार लावलं तरी तिचा आवाज भाईर यायचा, तिला वाटायचं हैदराबाद लांब हाय म्हणून मोठ्यानं बोलावं लागतंय."

विष्णू हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. अक्का सांगत राहिल्या. प्रत्येक रविवार त्यांच्याजवळ होता. कुठल्या रविवारी म्हातारी पावसात भिजत आली, कुठल्या रविवारी नवं लुगडं नेसून आली आणि ते फोनवर सांगायला विसरली म्हणून परत केबिनकडं धावली. ऊन लिंबातून उतरत खाली आलं. बायको आणि एक मोठी मुलगी वरच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांना मराठी कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्या ऐकत होत्या. मी जरा लांब, चाचांच्या दुकानाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ते माझं ऐकणं नव्हतं.

निघताना विष्णूनं अक्कांना माफ केलं असं काही म्हटलं नाही. अक्कांनीही विचारलं नाही. त्यानं ताजी बिस्किटं बांधून दिली आणि बसपर्यंत खुर्ची धरायला आला. अक्का पाठमोऱ्या एकेक पायरी चढत होत्या तेव्हा त्यानं हात पुढं केला नाही. त्याला न सांगताच ते कळलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तो बायको-मुलीला घेऊन मुरूमला आला. भावाकडं गेला नाही. आईला जिथं अग्नी दिला तिथं जाऊन आला, आणि दोन दिवस अक्कांच्या घरी राहिला.

नंतर माझी बदली झाली, परत भूमकडं. अक्कांचे फोन यायचे. एकदा म्हणाल्या, डॉक्टर सांगतोय खांदे झिजले, आता ढकलायचं बंद करा, कुणाला तरी ढकलू द्या. मी म्हटलं, मग? तर म्हणाल्या, "बघू की. अजून सुरत ऱ्हायलीय." सुरतेला त्या गेल्या की नाही, मला कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भावजयीचा फोन आला, झोपेतच गेल्या म्हणून. मला वेळेवर पोचता आलं नाही. त्यामुळं माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याच्या आधीच्या वर्षीचं आहे.

मी एका लग्नाला उमरग्याला चालले होते. गावाच्या अलीकडं हायवेवर काम चाललेलं, बस थांबलेली. दुपार कलती होती, रस्त्याच्या पलीकडं करडई पिवळी फुललेली, हवेत धुळीचा सोनेरी पडदा. बाजूच्या रस्त्यानं, पुलावरून खाली स्टँडकडं उतरणाऱ्या लांब उतारावर मला अक्का दिसल्या. एकट्याच. खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवलेली. उताराच्या माथ्यावर त्या क्षणभर थांबल्या, पुढं-मागं बघितलं. रस्ता मोकळा होता. मग त्यांनी दोन्ही हात चाकांवरून उचलले आणि मांडीत ठेवले.

खुर्ची आपोआप निघाली, आधी हळू, मग जरा वेगानं. पदर मागं उडाला. अक्कांनी मान किंचित वर केली होती आणि डोळे, मला वाटतं, मिटलेले होते.

हाक मारावी म्हणून मी खिडकीशी उठले. आणि मारली नाही. उतार संपेपर्यंत त्यांना कुणी थांबवू नये असं वाटलं. बस हलली, मध्ये एक ट्रक आला, आणि ट्रक बाजूला झाला तेव्हा त्या वळणापाशी पोचल्या होत्या, हात अजून मांडीतच.